बाळाच्या खोलीसाठी ह्युमिडिफायर: इंदूरच्या कोरड्या हवेत कोणता घ्यावा?

पलासिया_माहेर
२ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी इंदूरला आले आहे. लेक अडीच महिन्यांची आहे. थंडीत काही जाणवलं नाही, पण होळी जवळ आली तशी हवा एकदम कोरडी झाली आहे. माझे ओठ फुटलेत, रात्री दुपटं झटकलं की चटचट आवाज येतो. आणि मुख्य म्हणजे बाळाचं नाक. सर्दी वाहत नाही, पण आत सुकलेली खपली धरते. अंगावर पिताना श्वास अडतो, मग मध्येच सोडते आणि रडते. डॉक्टरांना दाखवलं. छाती स्वच्छ आहे म्हणाले आणि नाकात घालायला सलाइनचे थेंब दिले. खोलीत ओलावा राहील असं बघा, असंही म्हणाले.

तेव्हापासून ह्युमिडिफायर शोधतेय आणि डोकं भणभणलंय. पाचशे रुपयांच्या, रंगीत दिव्याच्या बाटलीपासून दहा हजारांच्या यंत्रापर्यंत सगळं आहे. गार वाफेचा घ्यावा की गरम? अल्ट्रासॉनिक की वातीचा? टाकी किती लिटरची? खोली १० बाय १२ फूट, छत दहा फुटांवर, एक खिडकी मागच्या अंगणात उघडते. घरात नर्मदेचा नळ आहे, बोरिंग आहे आणि प्यायला आरओ. आजीचं म्हणणं वेगळंच: शेगडीवर ओवा टाकून धुरी द्या, वाफेच्या पाण्यात कापूर घाला. तिला दुखवायचं नाहीये, पण मन धजत नाही. कोणी नीट सांगेल का?

सुदामानगर_काकू
३ मार्च, सकाळी ७:०५

अगं, फाल्गुन लागला की मालव्याची हवा अशीच सुटते. मुंबईहून आलेल्यांना तर पहिल्या चार दिवसांतच जाणवतं. आम्ही रात्री सुती पंचा ओला करायचो, पिळायचो आणि पाळण्यापासून हातभर लांब दोरीवर टाकायचो. पहाटेपर्यंत कडकडीत वाळलेला असायचा. ते पाणी खोलीतल्या हवेतच गेलेलं असतं ना! यंत्राला पैसे घालायच्या आधी हे करून बघ. पंचा रोज धुतलेला घे, कालचाच पुन्हा भिजवू नकोस, कुबट वास येतो.

आणि पाणी भरलेली बादली किंवा परात खोलीत जमिनीवर ठेवायची सवय आताच लावून घेऊ नका. आज बाळ पाळण्यात आहे, पण रांगायला लागेल तेव्हा घरातल्यांच्या ती सवय अंगवळणी पडलेली असेल. टीचभर पाण्यातही लेकरं बुडतात गं.

शीतगृह_मिस्त्री
३ मार्च, दुपारी १:४०

काकूंना अनुमोदन. मी महूच्या बाजूला बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम बघतो, हवेतला ओलावा सांभाळणं हाच माझा रोजचा धंदा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, ह्युमिडिफायरच्या आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घ्या. तीन-चारशे रुपयांत डिजिटल मिळतो, जेल रोडला किंवा ऑनलाइन. पाळण्याच्या उंचीवर ठेवा. खिडकीत किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका, आकडा भलताच येतो. बाळाच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता (हवेत जेवढी वाफ मावते तिच्या किती टक्के आहे ते) ४० ते ५० टक्के असली की पुरे. ३० च्या खाली गेली की नाक-घसा सुकतो. ६० च्या वर सतत राहिली तर भिंतीला बुरशी धरते आणि गादीत धुळीचे किडे वाढतात. हे आकडे अंगाला कळत नाहीत. आईला कोरडं वाटतं तेव्हा आकडा ४५ असू शकतो आणि मग त्रासाचं कारण दुसरंच असतं.

आता किती पाणी लागतं ते बघू. तुमची खोली १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता २५ वरून ४५ टक्क्यांवर न्यायची तर साधारण १५५ ग्रॅम पाणी हवेत जायला हवं. चहाचे दोन लहान कप, एवढंच! पण खोली हवाबंद नसते आणि बाळाच्या खोलीत ती नसावीही. दाराखिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं धरलं, तर दर तासाला तेवढंच पाणी पुन्हा घालावं लागतं. म्हणजे ताशी दीडशे मिली, रात्रीचे आठ तास धरले तर सव्वा लिटर.

या हिशोबावर बाजारातली अर्धी यंत्रं बाद होतात. टेबलावर ठेवायच्या त्या रंगीत बाटल्या ताशी ३०-४० मिली फेकतात. तोंडासमोर धूर दिसतो, खोलीचा आकडा हलत नाही. ताशी २०० ते ३०० मिलीचं, कमी-जास्त करता येणारं आणि दोन ते चार लिटरच्या टाकीचं यंत्र तुमच्या खोलीला पुरून उरेल. हॉलसाठीचं मोठं यंत्र या खोलीत लावू नका, तासाभरात काचेवर घाम येईल.

काकूंचा पंचाही याच हिशोबात बसतो. पिळलेल्या पंचात पाव लिटरच्या आसपास पाणी राहतं. पंखा मंद असेल तर ते तीन-चार तासांत उडतं, म्हणजे ताशी साठ-सत्तर मिली. दोन पंचे टाकले तर जवळजवळ छोट्या यंत्राएवढं काम होतं.

लष्करकर
३ मार्च, रात्री ९:१५

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे याची गरज जानेवारीत जास्त पडते, म्हणून थंडीचं सांगतो. पुढच्या हिवाळ्यात कामाला येईल.

लोक म्हणतात, बाहेर एवढं धुकं आहे, मग हवा कोरडी कशी? बाहेर ८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तरी त्या थंड हवेत घनमीटरमागे साडेसात ग्रॅमच वाफ असते. तीच हवा खोलीत येऊन हीटरने २४ अंशांवर गेली की आर्द्रता ३२ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी कुठे गेलेलं नसतं, गरम हवेची मागणी वाढलेली असते. म्हणून तेलाचा हीटर हवा कोरडी करत नाही, ब्लोअर करतो, हे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. खोली जेवढी तापेल तेवढा आकडा उतरणार, हीटर कोणताही असो. आमच्याकडे मुलासाठी खोली २२ अंशांच्या वर जाऊ दिली नाही, एक झबलं जास्त घातलं, आणि ह्युमिडिफायर फार थोडा लागला.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमच्या भागात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

नवजात_परिचारिका
४ मार्च, पहाटे ५:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय. नवजात कक्षात काम करते. ताई, तुमच्या आजीचा विषय आधी घेते, कारण तो यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे.

धुरी नको. ओवा असो, बाळंतशेपा असो, धूर तो धूरच. अडीच महिन्यांच्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात की थोड्या सुजेनेही दम लागतो. कापूर तर अजिबात नको, पाण्यात नको, उशीखाली पुरचुंडीतही नको. कापराने लहान बाळांना झटके येतात. निलगिरी, पुदिना, कसलंही सुगंधी तेल यंत्राच्या टाकीत टाकायचं नाही. छातीला चोळायचे कापूर-मेंथॉलचे बामही दोन वर्षांखाली वापरायचे नाहीत. आजीला सांगायचं असेल तर असं सांगा: डॉक्टरांनी नाकात थेंब दिलेत आणि ते चालू असताना दुसरं काही नको म्हटलंय. शिवाय त्यांना एक काम द्या, संध्याकाळी तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने बाळाचं अंग चोळायचं. कोरड्या हवेत कातडीला त्याचा उपयोगच आहे. फक्त नाकात आणि कानात तेल सोडायचं नाही.

आता गार की गरम. बाळाच्या खोलीत गार वाफेचाच. गरम वाफेचं यंत्र पाणी उकळतं, वायर ओढली गेली किंवा ते कलंडलं तर भाजतं. वाफाऱ्याचं भांडं बाळाजवळ नेऊन भाजलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. आणि वाफ नाकापर्यंत पोचेपर्यंत गार झालेलीच असते, त्यामुळे गरम यंत्राने नाक जास्त मोकळं होतं असंही नाही.

थेंबांची वेळ सांभाळा. पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी दोन्ही नाकपुड्यांत घाला. खपली मऊ होते, एखादी शिंक येते आणि ती आपोआप बाहेर पडते. काडी, कापसाची वात किंवा नख आत घालू नका.

टाकीत जंतुनाशक घालून पाणी ताजं ठेवता येतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायचं जंतुनाशक खुलेआम विकलं जात होतं. २०११ मध्ये तिथल्या सरकारी तपासात कळलं की त्या तुषारांमुळे फुप्फुसं निकामी होत होती. शेकडो जीव गेले. त्यांत लहान मुलं आणि बाळंतिणी बऱ्याच होत्या. बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच लोकांनी ते वापरलं होतं. जे हातावर किंवा फरशीवर चालतं, ते श्वासात चालेलच असं नाही.

यंत्र असो वा नसो, काही लक्षणांत थांबायचं नाही: श्वास मिनिटाला ५० च्या वर (दोन महिन्यांखालच्या बाळात ६० च्या वर), श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, अंगावर प्यायला नकार, ओठ निळसर होणं. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तरी लगेच दाखवा, रात्र असली तरी.

पलासिया_माहेर
६ मार्च, दुपारी ४:३०

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आजी तेल चोळायच्या कामावर खूश आहे. धुरीचा विषय मिटला.

हायग्रोमीटर आणला. दुपारी खोलीत २२ टक्के, रात्री दार लोटल्यावर ३१. एक पंचा टाकला तर मध्यरात्री ३९ दाखवत होता, पण पहाटे चारच्या पाजण्याला उठले तेव्हा पंचा वाळलेला आणि आकडा परत ३२. नाक मात्र बरंच मोकळं आहे, रात्री सलग प्यायली.

पण रोज रात्री उठून पंचा भिजवणं मला झेपत नाहीये, टाके अजून ओढतात. म्हणून यंत्र घ्यायचं ठरतंय. भावाने टीडीएस मीटरने (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवतो) पाणी तपासलं: बोरिंग ७१०, आरओ ६०. आरओचं घालू का? की उकळून गार केलेलं बोरिंगचं चालेल? नवऱ्याला मुंबईहून येताना सात रंगांच्या दिव्याचंच यंत्र आणायचंय.

महाराणी_रोड_दुरुस्ती
६ मार्च, रात्री १०:१०

मी विजेच्या वस्तू दुरुस्त करतो. ताई, विकत घेताना एकच परीक्षा करा: टाकीत तुमचा अख्खा हात, मनगटापर्यंत, जातो का? दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक यंत्रांची टाकी बाटलीसारखी असते, बुच्याएवढं तोंड आणि आत घासायला जागा नाही. उघडून बघितलं तर तळाच्या कोपऱ्यात गुलाबी चिकट थर, बोट फिरवलं तर बुळबुळीत. गिऱ्हाईक म्हणतं यंत्र चालतंय, फक्त वास येतो. अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याचे बारीक तुषार उडवतं, आणि पाण्यात जे असेल ते तुषारांबरोबर उडतं. गुलाबी थरसुद्धा.

तळाला नाण्याएवढी धातूची चकती दिसेल. तीच सेकंदाला लाखो वेळा थरथरून पाणी फोडते. बोरिंगच्या पाण्याने तिच्यावर पांढरं कवच बसतं, तुषार कमी होतात आणि लोक समजतात यंत्र गेलं. तिला चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. पांढरा व्हिनेगर पाण्यात निम्मा करून अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने पुसा आणि वास जाईपर्यंत धुवा. लिंबूसत्त्वही चालतं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, टाकी आणि तळ कोरड्या फडक्याने पुसा, झाकण उघडं ठेवून वाळू द्या, रात्री ताजं पाणी. कालच्या पाण्यात भर घालायची नाही. दर तिसऱ्या दिवशी व्हिनेगर. एवढं होणार नसेल तर पंचाच बरा, हे दुकानात बसून सांगतोय.

पाणी संपलं की आपोआप बंद होणारं घ्या. दिवा पूर्ण बंद करता येतो का बघा. काही यंत्रांत तुषार सुरू केले की दिवा लागतोच, आणि रात्रीच्या पाजण्यानंतर बाळ त्या दिव्याकडे टक लावून जागं राहतं.

शीतगृह_मिस्त्री
७ मार्च, सकाळी ८:२५

उकळलेलं बोरिंगचं पाणी नको. उकळल्याने जंतू मरतात, क्षार बहुतेक तसेच राहतात. सव्वा लिटर पाणी, टीडीएस ७१०, म्हणजे रात्रभरात जवळपास पाऊण-एक ग्रॅम पांढरी पूड त्या खोलीच्या हवेत. काळ्या कपाटावर सकाळी ती बोटाने ओढता येते, आणि तीच बाळ श्वासात घेतं. आरओच्या ६० टीडीएसला हे प्रमाण बारा पटींनी कमी होतं. डिस्टिल्ड मिळालं तर आणखी चांगलं, पण सीलबंद आणि लेबल असलेलंच घ्या. बॅटरीच्या दुकानातून सुटं आणू नका, बॅटरीचं आम्लही तशाच पांढऱ्या कॅनमध्ये असतं.

वातीच्या यंत्राबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. यात पंखा ओल्या वातीतून हवा ओढतो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार वातीतच अडकतात, त्यामुळे पांढरी पूड नाही. शिवाय खोली ओली होत जाईल तसं बाष्पीभवन आपोआप मंदावतं, म्हणून अति होण्याचा धोका कमी. पण पंख्याचा आवाज असतो, वात ठराविक काळाने बदलावी लागते आणि आपल्याकडे सुटी वात मिळणं अवघड. वात मिळण्याची खात्री असेल तर मी बाळासाठी हेच घेईन. नसेल तर रुंद तोंडाच्या टाकीचं, वरून पाणी भरायचं अल्ट्रासॉनिक, आरओच्या पाण्यावर. आर्द्रता मोजून आपोआप थांबणारं असलं तर उत्तमच, तरी तुमचा हायग्रोमीटर पाळण्याजवळ राहू द्या. यंत्रातला सेन्सर स्वतःच्याच तुषारांजवळ असतो, तो जास्त दाखवतो.

यंत्र पाळण्यापासून निदान चार-पाच फूट लांब, कमरेएवढ्या उंचीवर, तोंड भिंतीकडे नाही आणि बाळाकडेही नाही. दुपट्याला हात लावून ओलसर लागलं तर ते फार जवळ आहे. घरात एअर प्युरिफायर असेल तर अल्ट्रासॉनिक चालू असताना त्याचा आकडा लाल होईल, तो तुषारांनाच धूळ समजतो.

बडोदेकर_आई
७ मार्च, दुपारी ३:००

बडोद्याहून एक सावधगिरीची गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यातही इंदूरएवढं कोरडं नसतं, तरी नातेवाइकांनी भेट दिली म्हणून एका मैत्रिणीने यंत्र वर्षभर चालवलं, पावसाळ्यातसुद्धा. कपाट सरकवलं तेव्हा मागच्या भिंतीवर काळे ठिपके, पोपडे आणि खोलीभर कुबट वास. बाळाचा खोकला त्यानंतर लक्षात आला. इंदूरला जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की यंत्र धुऊन, वाळवून माळ्यावर टाका. तेव्हा बाहेरची हवाच ७०-८० टक्क्यांची असते.

पलासिया_माहेर
८ मार्च, रात्री ९:४५

ठरलं. वातीचं एक सापडलं, पण सुटी वात कुठेच मिळेना. म्हणून वरून भरायचं अल्ट्रासॉनिक, तीन लिटरचं, ताशी २५० मिली, दिवा बंद होणारं. टाकीत हात जातो हे दुकानात घालून बघितलं. सकाळी पुसायचं काम भावाने घेतलंय, रात्री भरायचं आईने.

एक शेवटचं विचारते. इथे एप्रिलपासून आमच्याकडे खिडकीचा कूलर लागतो. मी मेपर्यंत इथेच आहे. कूलर आणि हे यंत्र दोन्ही चालवायचं का?

शीतगृह_मिस्त्री
८ मार्च, रात्री १०:३०

नाही. कूलर हाच मोठा ह्युमिडिफायर आहे. बाहेर दुपारी २० टक्के असताना कूलरच्या खोलीत आकडा सहज ५०-६० ला जातो. तो लागला की यंत्र बंद. उलट समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा, म्हणजे ओली हवा साचणार नाही. झोत थेट पाळण्यावर नको. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, तिच्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात, आणि मोसमाच्या सुरुवातीला जुन्या जाळ्या काढून नवीन खस किंवा गवत भरा. गेल्या वर्षीच्या जाळ्यांत वर्षभराची धूळ आणि बुरशी बसलेली असते, पहिल्या दिवशी तीच खोलीत येते. नव्या जाळ्या लावल्यावर कूलर तासभर रिकाम्या खोलीत चालवा, मगच बाळाला आत न्या.

ज्या रात्री कूलरऐवजी एसी लावाल, त्या रात्री मात्र यंत्र लागेल. एसी हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो. आकडा बघा आणि ४० च्या खाली असेल तरच सुरू करा.